पिठासारखी राख

आमच्या घरमालकांना मी कधी नीट बसलेलं पाहिलं नाही. घरात खुर्च्या होत्या, झोपाळा होता, ओट्यावर सिमेंटचा बाक होता. पण हा माणूस उभा. उभा तरी कसला, चालता! बोलायला लागले की अंगणात तुळशीपासून नळापर्यंत आणि नळापासून तुळशीपर्यंत येरझाऱ्या, आणि ऐकणाऱ्याने मान इकडून तिकडे फिरवत बसायचं. माझी तर बाई मान आखडायची. शेवटी मी जिन्याच्या पायरीवर बसून खाली जमिनीकडे बघत ऐकायला लागले. ऐकू तर येतंच ना! जेवताना तेवढे ते टेकायचे, तेही एक गुडघा वर करून, जशी काही मागे गाडी सुटणार आहे.

मी तेव्हा बऱ्हाणपुरात एका शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. खाली ते आणि काकू. गल्ली त्यांना 'डेन्मार्कवाले' म्हणायची, मी काका म्हणायचे. कचरा जाळून त्यावर वीज आणि घराघरात गरम पाणी पुरवणाऱ्या तिथल्या एका कारखान्यात ते इंजिनिअर होते, नोकरीची सगळी वर्षं तिथेच गेली. काकू लग्नानंतर दोन हिवाळे तिथे राहिल्या आणि सामान बांधून परत आल्या. "अगं, दुपारचा चहा होतो न होतो तोच दिवेलागण! वेड लागायची पाळी आली," असं त्या मला सांगायच्या. मग काका तिथे, काकू इथे, असाच संसार झाला. काका कायमचे परत आल्यावर त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "तिकडे होते तेच बरं होतं गं. फोन ठेवला की माणूस गप्प बसायचा."

जागा बघायला गेले तेव्हा भाड्याचं, पाण्याचं, पाहुण्यांचं सगळं बोलणं काकूंनी केलं. काकांनी एकच विचारलं.

"मॅडम, दुधाची पिशवी धुता का?"

मी म्हटलं, नाही.

"धुवावी लागेल. वाळवावी लागेल. ओला कचरा जळत नाही, रडतो."

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी डोळ्यांनीच सांगितलं, हो म्हणून टाक. मी हो म्हटलं आणि तिथेच फसले. कारण ते खरंच बघायचे! सकाळी मी डबा खाली ठेवला की हे झाकण उघडून आत वाकणार. एकदा मला संताप आला. म्हटलं, "काका, काय शोधता माझ्या कचऱ्यात? माझी पत्रं?" त्यांनी हात वर केला. दोन बोटांत माझ्या भिंतीवरच्या घड्याळाचा जुना सेल होता.

"हा," ते म्हणाले. "हा भट्टीत गेला तर कुठे जातो, माहीत आहे?"

"वर. धुरात."

"चूक. निम्मं खाली, निम्मं वर, आणि वरचं पुन्हा फिल्टरमध्ये. जाळलं म्हणजे गेलं नाही मॅडम. लहान झालं, एवढंच."

हे त्यांचं पालुपद. जाळलं म्हणजे गेलं नाही, लहान झालं. भाजीवाल्याला सांगायचे, न्हाव्याला सांगायचे, घंटागाडीच्या ड्रायव्हरला तर गाडी थांबवून सांगायचे आणि मागे सगळ्या गल्लीची वाहतूक तुंबायची.

नाक मात्र अफलातून. अंगणात चालता चालता थबकणार, मान वर करणार आणि म्हणणार, "पॉलिस्टर. कुणीतरी साडी जाळतंय." मी गच्चीवरून बघायचे तर खरंच मागच्या गल्लीत चिंध्यांचा ढीग धुमसत असायचा. आमच्याकडे घरोघर पॉवरलूम, त्यामुळे चिंध्यांना तोटा नाही. होळीला तर काकूंना धसकाच असायचा. एका वर्षी मंडळाच्या पोरांनी होळीत ट्रकचं टायर घातलं. काका घरातून लोखंडी आकडा घेऊन धावले आणि पेटलेल्या होळीतून ते टायर ओढून रस्त्यावर आणलं. नारळ हातात घेऊन उभ्या असलेल्या बायका किंचाळत मागे सरल्या. पोरं म्हणाली, "काका, होली है, डेनमार्क नहीं!" काका म्हणाले, "डेन्मार्कमध्ये टायर कुणी देवाला देत नाही रे!" त्या वर्षी आमच्या घरी कुणी रंग खेळायला आलं नाही. काकू दिवसभर पुरणाचं पातेलं समोर ठेवून बसल्या होत्या.

पण डेन्मार्कची गोष्ट सांगायला लागले की लोक जमायचे, कारण गोष्टच तशी होती.

"तिथे भट्ट्या किती झाल्या ठाऊक आहे?" ते विचारायचे. "इतक्या झाल्या, की देशातला कचरा पुरेना. भट्टी काही बंद ठेवायची वस्तू नाही. तिच्यावर शहराचं गरम पाणी चालतं, थंडीत ती उपाशी कशी ठेवणार? मग कचरा मागवायचा. इंग्लंडहून. इटलीहून. जहाज भरून!"

"अरे बाप रे," गल्लीतले म्हणायचे, "आमचाच न्या ना मग!"

सगळे हसायचे. काका हसायचे नाहीत. येरझारा वाढायच्या.

"जळून जे उरतं त्याचं काय? खालची जाड राख असते, तिच्यातलं लोखंड वेचून घेतात आणि ती रस्त्याखाली घालतात. पण धुरातून जी बारीक राख फिल्टरमध्ये पकडतात ना, ती खरी. सगळं विष तिच्यात गोळा होतं. ती कुणी देशात ठेवत नाही. बंद टाक्यांतून नॉर्वेच्या एका बेटावर जाते, जुन्या चुनखडीच्या खाणीत. तिथे पुरतात. कचरा एका देशाचा, आग दुसऱ्याची, राख तिसऱ्याकडे. आणि आमची चिमणी बघायला शाळेच्या सहली यायच्या, कारण ती स्वच्छ!"

पुढे तिथल्या सरकारने ठरवलं, भट्ट्या जास्त झाल्या, काही कमी करायच्या. त्यात काकांची भट्टी गेली. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, "मॅडम, शेवटच्या दिवशी मीच तिला थंड केलं. हळूहळू करावं लागतं, नाहीतर आतली वीट तडकते." आणि तोंड फिरवून नळ नीट बंद आहे का ते बघायला गेले. नळ बंदच होता. मला फार वाईट वाटलं होतं त्यांच्यासाठी. ज्याच्या हाताखाली एका शहराची ऊब होती तो माणूस माझ्या दुधाच्या पिशव्या मोजत होता.

मग एक दिवस शेठ आले.

त्यांचा सुताला खळ लावायचा मोठा कारखाना होता गावाबाहेर. खळ शिजवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला लाकूड-कोळसा. शेठनी लाकूड बंद करून कचरा जाळायला सुरुवात केली होती आणि आसपासचा मोहल्ला काळ्या धुराने हैराण होऊन रोज गेटवर येत होता. शेठ आमच्या ओट्यावर बसले, हात जोडले आणि म्हणाले, "साहब, तुम्ही एवढ्या मोठ्या देशात हे काम केलं. आमच्या गावाला तुमचा काही फायदा व्हायला नको? धूर तेवढा बंद करून द्या."

काका चालायचे थांबले. मी जिन्यावरून बघत होते. खरंच थांबले.

त्यानंतरचे महिने त्या घरात लगीनघाई होती. पत्र्याचे कापलेले तुकडे, कापडी पिशव्यांचे नमुने, चुन्याची भुकटी. फिल्टर बसवायच्या आधी धुरात चुना मारायचा, मग तो धूर कापडाच्या लांबलांब पिशव्यांतून गाळायचा, असं ते मला समजावून सांगायचे आणि मीही हो हो करायचे. काकांनी लहान भट्टी सांगितली होती, शेठनी मोठी बांधली. मोठीला गावातल्या चिंध्या पुरेनात. मग खंडव्याहून, भुसावळहून ट्रक यायला लागले, प्लास्टिकचे गठ्ठे, वायरींची सालं, रंगाचे डबे. काकांनी दोनदा भांडण केलं. पण कारखान्यात सगळे त्यांना 'टेक्निकल साहब' म्हणायचे, खुर्चीवर टॉवेल घालून द्यायचे, आणि माणूस आहे, विरघळला. मला त्यांचा राग येत नाही. आपल्या हातचं काम आपल्याला परत मिळालं की कोण खुळावत नाही?

आणि चिमणी खरंच स्वच्छ झाली. अख्खा मोहल्ला मान वर करून बघायचा. काका मलाही घेऊन गेले दाखवायला. निळं आकाश आणि चिमणीच्या तोंडावर नुसती हवा थरथरतेय. खाली फिल्टरची राख गोण्यांत भरून शेडमध्ये लावलेली होती. "ही जागेवर बंद राहिली पाहिजे," काकांनी शेठच्या मॅनेजरला माझ्यादेखत बजावलं. "हिची नीट सोय होईपर्यंत एक गोणी हलायची नाही." मॅनेजर म्हणाला, "जी साहब." काकांना ते पुरलं. त्यांच्या डेन्मार्कमध्ये 'हलवू नका' म्हटलं की वस्तू हलत नसे. राखेच्या गोण्या कुणी मागायला येईल, हे त्या माणसाच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही.

पुढचा प्रसंग सांगताना मला अजून कसंतरी होतं.

रविवार होता. काकूंनी भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी केली होती आणि मला खाली जेवायला बोलावलं होतं. काका गुडघा वर करून बसले होते. ताटं इतकी लखलखीत, की मी म्हटलं, "काकू, नवीन घेतली का हो?"

"नाही गं, तीच. राख बघ आमची!" काकू कौतुकाने उठल्या आणि मोरीपाशी ठेवलेला डबा घेऊन आल्या. "माझ्या भावाने पाठवली फोपनारहून. कशी मऊ आहे बघ. पिठासारखी. बोट लावलं की डाग गायब."

मी चिमटीत घेतली. खरंच, गव्हाच्या पिठाहून मऊ आणि पांढुरकी. काकांनी हात पुढे केला. त्यांनी ती अंगठा आणि बोटामध्ये चोळली, नाकाशी नेली. मग त्यांनी आपल्या ताटाकडे बघितलं.

"तुझ्या भावाने ही कुठून आणली?"

"अहो, तुमच्याच कारखान्यातून! केळीचा ट्रॅक्टर खाली करून परत जाताना गेटवर थांबला. म्हणाला, आमच्या जिजाजींची भट्टी आहे. वॉचमनने हव्या तेवढ्या गोण्या भरून दिल्या. गावात वाटल्यासुद्धा त्याने, इतका खूश आहे..."

काका ताटावरून उठले. भाकरी अर्धी तशीच. काकूंचा चेहरा पडला, जेवत्या ताटावरून उठणं त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. काकांनी तिघांची ताटं उचलली, अन्नासकट मोरीत नेली आणि नळाखाली धरून नुसत्या पाण्याने घासत बसले. हातांनी. वेड्यासारखे.

तिथून आम्ही सरळ कारखान्यात गेलो. मी का गेले ते विचारू नका, त्यांना एकटं सोडवेना. शेडमध्ये निम्म्या गोण्या नव्हत्या. वॉचमन म्हातारा, भला माणूस. तो म्हणाला, "साहब, राख को कौन मना करता है? बाया येतात, बर्तन के लिए मागतात. किसान नेतात, डाळीत घालायला, भाजीवर टाकायला. दारात आलेल्या बाईला मूठभर राख नाही म्हणायची का?"

तो खरं बोलत होता. आमच्याकडे राख मागितली तर नाही म्हणत नाहीत. तूर, हरभरा राखेत घोळवून ठेवतात, कीड लागत नाही. वांग्यावर राख, भांड्याला राख. आणि जितकी बारीक तितकी चांगली. जी राख पुरायला तो देश जहाज पाठवायचा, ती आमच्या बायकांनी चाळून, नावाजून, डब्यात भरून ठेवली होती.

शेठ मात्र हसले. "साहब, चिमणी क्लीन है ना? मोहल्ला खुश, मैं खुश. राखेचं टेन्शन तुम्ही कशाला घेता? लोक स्वतःहून उचलून नेतात, आपली जागा मोकळी होते."

काकांनी निघताना खिशात टाकलेलं घराचं कुलूप काढलं आणि शेडला ठोकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना गेटच्या आत घेतलं नाही. टॉवेलची खुर्ची गेली. त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. ते गावात दारोदार फिरत होते. "तुम्ही कारखान्याची राख नेली का? परत द्या." लोक म्हणायचे, राख कुणी परत मागतं का हो? काही बायकांनी तर चुलीतली राख आणून दिली, बिचारा मागतोय म्हणून. गावातली बरीचशी त्यांनी तरीही गोळा केली. फोपनार राहिलं. तिथे काकूंचं माहेर, म्हणून ते त्यांनी शेवटी ठेवलं होतं. जावयाने सासुरवाडीला जाऊन दिलेली वस्तू परत मागायची, कसं वाटतं ते आपल्याकडे सांगायला नको.

काकू मला म्हणाल्या, "तू चल गं. तू मास्तरीण आहेस, दादा तुझं तरी ऐकेल."

गेलो तिघं. काकूंच्या भावाने पाणी दिलं, चहा केला, केळीचे भाव सांगितले. काकूंच्या आई ओसरीवर बसून होत्या, फार म्हाताऱ्या, पण आवाज खणखणीत. काकांनी चहा हातात धरून, उभ्यानेच विषय काढला. त्या राखेत शिसं आहे, कॅडमियम आहे, ती घरात ठेवायची नाही, त्यात ठेवलेली तूर खायची नाही.

"धातू आहे म्हणता," भाऊ म्हणाला, "म्हणूनच भांडी इतकी निघू राहिली!"

"अहो, विष आहे ते!"

"काय सांगू राहिले जिजाजी! आमच्या बापजाद्यांनी राखेत तूर ठेवली. विष असतं तर आम्ही उरलो असतो का?"

मीही बोलून बघितलं. ही चुलीची राख नाही, हिच्यात प्लास्टिक जळलंय, वायरी जळल्यात. भाऊ माझ्याकडे बघून मान हलवत होता, पोरीला वाईट वाटू नये म्हणून. तेवढ्यात आतून त्याची सून कप न्यायला आली. पोर सातव्या-आठव्या महिन्यातली, पदर सावरत. तिच्या ओठाच्या कोपऱ्याला पांढुरकं लागलं होतं.

काकांचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

"पोरी," ते म्हणाले, "काय खाल्लंस?"

ती लाजून आत पळाली. म्हातारी हसायला लागली. "अहो जावईबापू, डोहाळे! मी भिंतीची माती खायची, ही राख खाते. चुन्यासारखी लागते म्हणते. गुपचूप चिमूट चिमूट. खाऊ द्या, पोटातलं मागतं ते."

काकांनी कप खाली ठेवला. "तिला थांबवा! शिसं पोटातल्या बाळाला जातं. बाळाच्या मेंदूला..."

"जिजाजी!" भाऊ उठून उभा राहिला. चेहरा बदलला होता. "तुम्ही मोठे आहात. पण माझ्या दारात, माझ्या सुनेसमोर असं अभद्र बोलायचं नाही. घरात पहिलं लेकरू येऊ राहिलंय."

संपलं. तिथे मला कळलं की आता हा माणूस जितकं खरं बोलेल तितकं दार बंद होत जाईल. काका तरी बोलतच होते, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत, डेन्मार्कचे डॉक्टर काय सांगतात, नॉर्वेचं बेट काय, आणि आतून डब्याचं झाकण काढल्याचा आवाज आला. काकूंनी तो ऐकला. त्या उठल्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "ह्यांना तोंडाने सांगवत नाहीये, म्हणून असं गोल गोल फिरू राहिले. त्या भट्टीत दवाखान्यातलं आलं होतं. माणसांचं."

मग आत थू थू थू झालं, पाण्याचा तांब्या पडला, आणि सून मागच्या दारी ओकाऱ्या काढू लागली.

"अगं, काय सांग..." काका म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"अरे रामा," भाऊ मटकन खाली बसला. "जिजाजी, हे आधी नाही का सांगायचं? आम्ही तुरीत घातली ती!"

आता गोण्या मिळतील म्हणून काकांनी जाड प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या. "सगळी माझ्याकडे द्या, तुरीसकट. मी बंद करून घरी नेतो, सोय होईपर्यंत माझ्याकडे राहील." पण म्हातारीने हात आडवा केला. गेलेल्या माणसाची राख घरी नेऊन ठेवतात का? आमच्या उंबऱ्याच्या आत आली, तर निरोपही आम्हीच द्यायचा. उद्या सकाळी तापीत सोडू. ज्या ज्या घरात दिली त्यांनाही निरोप पाठवा.

परतीच्या रिक्षात मी दोघांच्या मध्ये बसले होते.

"नदीत!" काका म्हणत होते. "कळतंय का तुला? ते पाणी पुढे केळीला, पुढे गावांना. मी आयुष्यभर जी गोष्ट होऊ दिली नाही..."

"मग काय करायला हवं होतं? अजून तासभर शिसं शिसं करत बसायचं? पोरीने थुंकलं ना? मी तेवढंच बघितलं."

"मी उद्या खरं सांगणार आहे सगळ्यांना."

"सांगा," काकू म्हणाल्या. "आणि मग ती राख परत तिच्या चुलीपाशी जाऊन बसेल. सांगा, मी नाही अडवत." आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. काकांनी बाहेर बघायला सुरुवात केली. त्यांचा पाय रिक्षाच्या पत्र्यावर सारखा आपटत होता.

सकाळी आम्ही घाटावर त्यांच्या आधी पोहोचलो. काकांनी कोपरापर्यंत रबराचे हातमोजे घातले होते, बाजूला पिशव्यांची चळत. ट्रॅक्टर आला. फोपनारची बरीच मंडळी, बायका अनवाणी, प्रत्येकीच्या हातात गोणी, डबा, कुणाच्या ओटीत राखेतली तूर. झेंडूची फुलंही आणली होती. सून काठावर एका दगडावर बसली होती. अशा दिवसांत तिला आणायला नको होतं, पण ऐकत नव्हती. हातून पाप घडलं म्हणून रात्रभर रडली होती म्हणे.

काका पुढे झाले. "आई, पाण्यात नको. मी जमिनीत नीट पुरतो. खोल पुरतो."

"जमिनीत?" म्हातारी म्हणाली. "बापू, दवाखान्यातलं म्हणता. कोणाकोणाचं असंल, कोण जाणे. त्यांच्या नावाने कुणी पाणी सोडलं नसंल. आम्ही त्यांच्या राखेने भांडी घासली. एवढं तरी करू द्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकांच्याही आलं असेल, ते मान खाली घालून चालायला लागले होते, ट्रॅक्टरपासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून ट्रॅक्टरपर्यंत. पहिल्या बाईने गोणीचं तोंड सोडलं तसे ते ओरडले.

"थांबा! आई, काल जे तुम्हाला सांगितलं, ते..."

सगळे थांबले.

"ते काय?" म्हातारीने विचारलं. "माणसांची नाही का ही?"

त्या बाईने लगेच गोणी छातीशी धरली. "नाही? मग कशाला टाकायची बाई? किती मऊ राख आहे." आणि ती ट्रॅक्टरकडे वळलीसुद्धा. तिच्या मागे आणखी दोघी वळल्या. काठावरच्या सुनेने मान वर केली. तिच्या तोंडावर जी सुटका दिसली ना, ती मी विसरणार नाही. पाप नव्हतं तर! ती डोळे पुसायला लागली.

काका तिच्याकडे बघत उभे होते. एका जागी, न हलता. एकीकडे तापी होती आणि एकीकडे ती पोर. काकू माझ्या शेजारी होत्या, त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

"जावईबापू," म्हातारी म्हणाली, "तुम्ही कधी खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. तुम्ही सांगा. माणसांची आहे का नाही?"

"आहे," काका म्हणाले. "माणसांचीच आहे, आई."

ट्रॅक्टरकडे गेलेल्या बायका परत आल्या. सुनेने तोंडावर पदर घेतला.

"मग ते रबराचे हात काढा," म्हातारी म्हणाली. "असा कुणाला निरोप देत नाहीत."

काकांनी एक हातमोजा काढला, मग दुसरा. म्हातारीने गोणीतली राख त्यांच्या उघड्या ओंजळीत घातली, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि पहिला मान जावयाचा म्हणून त्यांना पुढे केलं. ते गुडघाभर पाण्यात उतरले. वाकले. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं कुठला तरी श्लोक म्हणतायत, म्हणून मी काठाशी गेले.

"शिसं," ते म्हणत होते. "जस्त. कॅडमियम. पारा." आणि मागे सगळं फोपनार हात जोडून उभं होतं.